पिस्तुलाची पारख

मडके घ्यायचे तर ते बोटाने वाजवून घ्यावे, हापूस घ्यायचा तर देठाशी नाक न्यावे, बैल घ्यायचा तर त्याचे दात पाहावेत आणि पुस्तक घ्यायचे तर मधलेच एखादे पान उघडून चार ओळी वाचून पाहाव्यात, एवढे व्यवहारज्ञान आमच्या पिढीला घरातच मिळे. पैकी बैल घेण्याचा प्रसंग माझ्यासारख्या इंग्रजीच्या प्राध्यापकावर येण्याचा संभव नव्हता आणि मडक्याची जागा शीतकपाटाने घेतली. तेव्हा ते ज्ञान बरेचसे वायाच गेले म्हणावयाचे. परंतु पिस्तूल घेताना काय पाहावे, हे मात्र मला कोणीच सांगून ठेवले नव्हते. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, वर्ड्सवर्थ आणि कीट्स शिकवून शिकवून घसा बसल्यावर, एका रविवारी सकाळी मी पनवेलातील एका नेमबाजीच्या वर्गात एकामागून एक पाच पिस्तुले हातात तोलून पाहत होतो. हे दृश्य माझ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीस पडते तर पुढच्या परीक्षेचे पेपर त्यांनी अंमळ अधिक काळजीने लिहिले असते.

वाचकांनी दचकण्याचे कारण नाही. ही पिस्तुले दारूची नव्हती, हवेची होती. दहा मीटरांवरच्या वर्तुळात शिशाचा चिमुकला छर्रा मारणे एवढेच त्यांचे काम, आणि १९८८ सालापासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे. तथापि पिस्तूल हा शब्दच असा आहे की तो कानी पडताच आपल्या सुशिक्षित मंडळींचे मन थेट इतिहासाच्या पुस्तकात शिरते. नाशिकचे विजयानंद नाट्यगृह आणि २१ डिसेंबर १९०९ ची रात्र आठवते. अनंत कान्हेरे आठवतात. किंवा पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे ग्रंथालय आठवते, जेथे २२ जुलै १९३१ रोजी वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि हॉटसन वाचले. ज्याचे आयुष्य ग्रंथालयांत गेले अशा माझ्यासारख्याला ही दुसरी गोष्ट नेहमीच अधिक चमत्कारिक वाटत आली आहे. जेथे आपण मुलांना मोठ्याने खोकूही देत नाही तेथे हा प्रकार!

इंग्रजांनी १८७८ साली हत्यारांचा कायदा करून आपल्या हातांतील शस्त्रे काढून घेतली, आणि काँग्रेसने त्याविरुद्ध वर्षानुवर्षे ठराव केले. पुढे राज्य आपले झाले, १९५९ साली नवा कायदाही झाला; परंतु तोपर्यंत मध्यमवर्गाचा शस्त्राशी संबंध दसऱ्याच्या पूजेपुरता उरला होता, आणि त्या पूजेतही आम्ही पाटीपुस्तकच मांडत होतो. हवेच्या पिस्तुलाची गोष्ट निराळी आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे नळीचा व्यास साडेचार मिलिमीटरांहून आणि छर्र्याची शक्ती वीस ज्यूलांहून जास्त नसेल तर परवान्याची गरज नाही. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा दिला की काम भागते. म्हणजे सरकारच्या लेखी हा प्रश्न सुटलेला आहे. तो सुटला नव्हता एका आजोबांच्या लेखी, आणि त्यांच्यापायीच मी त्या वर्गात जाऊन पोहोचलो होतो.

मी राहतो ते द्रोणागिरी म्हणजे उरण तालुक्यात सिडकोने आखलेली एक वसाहत. हनुमंत संजीवनीचा पर्वत घेऊन लंकेकडे निघाला असता त्याचा एक तुकडा उरणच्या किनाऱ्यावर पडला, त्याचा द्रोणागिरी डोंगर झाला, अशी येथली समजूत आहे. डोंगराचे नाव वसाहतीने घेतले. डोंगरावर पोर्तुगीज अमलातल्या बांधकामाचे अवशेष आहेत. खाली खाडी, पाणथळ, तेथे हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी, आणि त्यांच्या पलीकडे न्हावाशेवा बंदराच्या उंटासारख्या माना वर केलेल्या याऱ्या. दिवसरात्र रस्त्यावरून लांबलचक ट्रेलर जात असतात. २०२४ साली लोकलगाडी उरणपर्यंत आली, तेव्हापासून आमच्याकडे पाहुणे येऊ लागले आहेत. त्यापूर्वी, ‘द्रोणागिरीला राहतो’ असे सांगितले की लोक मला हिमालयात राहणारा समजत.

या वसाहतीच्या इमारती ज्या जमिनीवर उभ्या आहेत ती भाताची आणि मिठाची जमीन. ज्या आगरी आणि कोळी कुटुंबांकडे ती होती ती आसपासच्या जुन्या गावांत आजही राहतात. त्यांतल्याच एका घरची मुलगी माझ्या महाविद्यालयात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गात ती मागच्या बाकावर बसते, बोलत नाही आणि निबंध थोडक्यात लिहिते. निबंध थोडक्यात लिहिणारा विद्यार्थी माझ्या नजरेतून सहसा सुटत नाही. चौकशी करता कळले की ही आठवड्यातून चार दिवस पनवेलला पिस्तूल चालवावयास जाते, आणि जिल्ह्यात तिचे नाव झालेले आहे. पनवेलला या विद्येचे वारे नवे नाहीत. अथेन्सच्या २००४ च्या ऑलिंपिकमध्ये दहा मीटर रायफलीच्या अंतिम फेरीपर्यंत गेलेल्या सुमा शिरूर यांनी पनवेलातच ‘लक्ष्य’ नावाची संस्था चालवून नेमबाज घडविले, आणि २०२२ चा द्रोणाचार्य पुरस्कार त्यांना मिळाला. शिवाय कोल्हापूरच्या राही सरनोबत, तेजस्विनी सावंत आणि २०२४ साली पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळविणारा स्वप्निल कुसळे यांची नावे आता आमच्या शिपायालाही पाठ आहेत. त्यामुळे मुलीने नेमबाजी शिकणे ही काही जगावेगळी गोष्ट राहिलेली नाही.

अडचण निराळीच होती. आतापर्यंत ती वर्गाच्या मालकीचे पिस्तूल वापरीत असे. ते चार मुलांत एक. त्याची मूठ मोठ्या हाताची, तिचा हात लहान. राज्यपातळीवर उतरावयाचे तर स्वतःचे पिस्तूल हवे असे तिच्या प्रशिक्षिकेने सांगितले. चांगले परदेशी पिस्तूल म्हणजे दीड-दोन लाखांचा मामला. वडील ट्रेलर चालवितात. त्यांच्याकडून एवढी रक्कम निघणे शक्य नव्हते. पैसे होते ते आजोबांपाशी. आणि आजोबांच्या घरात बंदुकीला बंदी होती. बंदी म्हणजे अक्षरशः बंदी. दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूलसुद्धा त्या घरात आजवर आलेले नाही. जत्रेत नातवाने पाण्याच्या बंदुकीसाठी रस्त्यावर लोळण घेतली तरी ती मिळाली नाही.

याचे कारण शोधण्यास लांब जावे लागत नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली, पंचाण्णव गावांच्या जमिनींवर नवी मुंबई आखली गेली, आणि मोबदल्याचा झगडा दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली पेटत गेला. १६ जानेवारी १९८४ रोजी जासईजवळ दास्तान फाट्यावर आणि दुसऱ्या दिवशी नवघर फाट्यावर पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. दरवर्षी त्या दोन दिवशी हुतात्म्यांना मानवंदना होते. बाहेरून आलेले आम्ही लोक त्या दिवशी रस्ता का तुंबला म्हणून घड्याळ पाहतो. त्याच्याही आधी, २५ सप्टेंबर १९३० रोजी, याच तालुक्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रहात गोळीबार होऊन आठ सत्याग्रही पडले होते. एका लहानशा तालुक्याच्या वाट्याला हे पुष्कळच झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकांना परत देण्याचे तत्त्व मान्य झाले, ते त्या पाच जणांच्या मरणानंतर. आजोबांपाशी असलेली रक्कम त्या साडेबारा टक्क्यांतल्या भूखंडातील आपला वाटा विकून आलेली होती. नात त्यातून पिस्तूल मागत होती.

एका संध्याकाळी ते माझ्याकडे आले. सत्तरी ओलांडलेला, काटक, बोलण्यात मोजका माणूस. भातशेती, मिठागर आणि खाडीतली लहान होडी, या तिहींवर त्यांचे तरुणपण गेले. मला ते मास्तर म्हणतात; मी त्यांना आबा म्हणतो. चहाचा पेला रिकामा होईपर्यंत त्यांनी विषय काढला नाही. मग म्हणाले, “तुमी वाचलेली मानसं. जावा, बघून या, नि सांगा मला, ती मानूस मारते का नाय.” एवढेच बोलून ते उठले. विद्यापीठाने आजवर माझ्याकडे अनेक अहवाल मागितले, पण इतका नेमका प्रश्न कोणी विचारला नव्हता.

पनवेलचा तो वर्ग म्हणजे एक लांबट दालन. एका टोकाला टेबलांची रांग, दहा मीटरांवर भिंतीशी पांढऱ्या प्रकाशात निशाणांची रांग. मी धुराची, धडाक्याची कल्पना करून गेलो होतो. तेथे अभ्यासिकेसारखी शांतता होती. प्रत्येक बार सुटला की जाड पुस्तक मिटल्यासारखा ‘फट्’ असा आवाज येई आणि पुन्हा सारे निःशब्द. मुले बारा वर्षांपासून वीस-बावीस वर्षांपर्यंतची. टेबलावर ठेवलेल्या प्रत्येक पिस्तुलाच्या नळीतून भडक रंगाचा दोरा आरपार ओवलेला. नळी रिकामी असल्याची ती खूण. पिस्तूल हातात असताना कोणी हाक मारली तरी वळावयाचे नाही, उत्तर द्यावयाचे झाल्यास आधी पिस्तूल खाली ठेवावयाचे. एक लहान मुलगा बोलता बोलता हाताचे कोपर जरा फिरवता झाला, तशी प्रशिक्षिकाबाईंनी त्याला केवळ दृष्टिक्षेपाने जागच्या जागी खिळविले. वर्गातील शिस्तीविषयी मला जो काही अभिमान होता तो मी तेथे दाराबाहेर चपलांपाशी ठेवला.

बाईंनी त्या दिवशी थोरल्या मुलांची स्वतःची पिस्तुले मागून ठेवली होती. तुलना करावयाची तर आकडे पाहून नव्हे, हाताने करावयाची, असा त्यांचा दंडक. आकडे बहुतेक सारखेच असतात. कारण नियमच तसा आहे. वजन दीड किलोच्या आत, लांबी-रुंदी-जाडी एका ठराविक पेटीत मावेल अशी, नळी साडेचार मिलिमीटरांची, आणि चाप असा की तो ओढण्यास निदान पाचशे ग्रॅमचा भार लागावा. स्पर्धेपूर्वी पिस्तूल उभे धरून चापाला अर्ध्या किलोचे वजन अडकवितात. ते उचलले गेले तर ठीक, चाप सुटला तर पिस्तूल बाद. सोन्याच्या दुकानातसुद्धा इतकी काटेकोर पारख मी पाहिलेली नाही.

पहिले होते ते वर्गाचे जुने जर्मन फाइनवेर्कबाउ, आत स्प्रिंग असलेले. प्रत्येक बारासाठी त्याची बाजूची दांडी जोराने ओढावी लागते. दोनदा ओढून मला मौज वाटली, पाचव्या वेळी खांदा बोलू लागला. स्पर्धेत साठ बार असतात. बाकीची चारही नव्या पद्धतीची. त्यांच्या नळीखाली हवेचा एक लहानसा नळकांड्यासारखा सिलिंडर असतो, त्यात दोनशे बार दाबाची हवा. मोटारीच्या चाकात असते तिच्या नव्वदपट. सिलिंडरवर वर्ष कोरलेले असते आणि दहा वर्षांनी तो बदलावा लागतो. प्राध्यापकांच्या बाबतीत अशी काही तरतूद असती तर शिक्षणक्षेत्राचे पुष्कळ भले झाले असते.

ऑस्ट्रियाचे स्टायर, स्वित्झर्लंडचे मोरिनी, जर्मनीचे वाल्थर आणि इटलीचे पार्डिनी. वाल्थर आणि पार्डिनी यांवर मी फार वेळ घालवीत नाही. दोन्ही उत्तम, परंतु त्या दिवशी हाती आलेल्यांच्या मुठी मोठ्या पुरुषी हाताच्या होत्या आणि मुलीची बोटे त्यांत हरवत होती. खरी चुरस पहिल्या दोहोंत. स्टायरचा चाप यांत्रिक. त्याच्या पोटात एक छोटे वजन आहे, ते छर्रा सुटताच उलट सरकून धक्का मोडते. मोरिनीचा चाप विजेवर चालतो, आत लहान बॅटरी. तो ओढला जातो असे वाटतच नाही. बोटाने विचार केला की काम झाले. मला बेकनचे निबंध आठवले. वाक्य सुरू झाले म्हणेतो संपलेले असते, आणि अर्थ मात्र जागच्या जागी जाऊन बसलेला.

परीक्षेची रीत अशी. पिस्तूल टेबलावरून उचलावे, डोळे मिटावेत, हात नेहमीप्रमाणे वर न्यावा आणि मग डोळे उघडावेत. नळीच्या टोकाची माशी मागच्या खाचेत आपोआप बरोबर मध्यभागी दिसली तर मूठ आपल्या हाताची. डावी-उजवीकडे गेलेली दिसली तर मूठ दुसऱ्याची. मनगट वळवून ती मध्यभागी आणता येते, पण ती लबाडी चाळिसाव्या बारापर्यंत टिकत नाही. सव्वा तासात साठ बार, एका हाताने, दुसरा हात खिशात किंवा कमरेला. पहिल्या बाराला सगळी पिस्तुले सारखीच. थकलेल्या हातालाच त्यांतला फरक समजतो. म्हणून बाईंनी मुलीला प्रत्येक पिस्तुलाने कोऱ्या पांढऱ्या कागदावर मारावयास लावले. काळे वर्तुळ नाही, दहा नाहीत, नऊ नाहीत. गुण दिसले की डोळा पिस्तूल सोडून गुणांकडे पळतो, असे त्या म्हणाल्या. हे वाक्य मी आमच्या परीक्षा मंडळापुढे एकदा वाचून दाखविणार आहे.

आणखी एक गोष्ट मला तेथे नव्याने कळली. लहानपणी आपण सर्वांनी ऐकलेले असते की द्रोणाचार्यांनी विचारले तेव्हा अर्जुनाला झाड दिसले नाही, फांदी दिसली नाही, दिसला तो केवळ पक्ष्याचा डोळा. पिस्तुलाच्या विद्येत हा अर्जुन नापास होईल. येथे नजर हातभर अंतरावरच्या माशीवर खिळवावयाची. निशाण मागे धूसर, एखाद्या राखाडी डागासारखे दिसले पाहिजे. निशाण स्वच्छ दिसू लागले की समजावे, माशी सुटली. दहाचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरांचे, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढे. ते वेधण्याचा मार्ग त्याच्याकडे न पाहण्यात आहे. उलटपक्षी एकलव्याला मात्र येथे जागा आहे. कारण या मुठीत अंगठ्याने दाबावयाचे नसते. तो बाजूच्या फळीवर नुसता टेकलेला असतो. गुरुदक्षिणेत तो गेला असता तरी बिचाऱ्याची विद्या गेली नसती.

बाईंच्या आग्रहावरून मीही पाच बार मारले. माझ्या चष्म्याला दोन भिंगे आहेत. वरच्यातून निशाण दिसे, खालच्यातून काहीच धड दिसेना, आणि माशी नेमकी दोहोंच्या शिवेवर. तरी पाचांतले तीन काळ्या वर्तुळात गेले. मुलीने ते कागद सौजन्याने न पाहता बाजूला ठेवले. पण एक सांगतो. चाप दाबला जाण्यापूर्वीचा जो क्षण असतो, श्वास अर्धा सोडून थांबविलेला, त्यात मन जितके रिकामे होते तितके ते ध्यानाला बसूनही माझे कधी झालेले नाही. मुले या खेळाला का चिकटतात हे मला तेव्हा उमगले. आणि अंगावर जरासा काटाही आला. कारण हातात जे होते ते, काही झाले तरी, पिस्तूल होते.

मुलीचे छर्रे त्या दिवशी मोरिनीने सर्वांत जवळजवळ पडले. बाईंचा कलही तिकडेच होता. निवड ठरली असे मी समजलो आणि घड्याळ पाहिले. तर ती स्टायर पुन्हा उचलून उभी राहिली आणि आणखी वीस बार मारून परत आली. म्हणाली, “सर, मोरिनी कधी सुटते ते मला कळत नाही. मला ते कळायला हवे.”

बाईंनी तिला समजावले की बार नकळत सुटणे हेच पुष्कळांना हवे असते. आपल्याला आधी कळले की हात बिचकतो. हे खरेच असणार, कारण मोठमोठे नेमबाज तेच पिस्तूल वापरतात. बॅटरीची वगैरे धास्ती मुलीला नव्हती. २०२१ साली टोकियोच्या स्पर्धेत मनू भाकरच्या पिस्तुलाचा एक भाग ऐन फेरीत मोडला आणि मोलाची मिनिटे गेली, हे तिला ठाऊक होते. पण यंत्र कोणतेही मोडू शकते, असे ती म्हणाली, आणि पुढे पॅरिसला त्याच मनूने दोन पदके मिळविलीच. तिचा मुद्दा एवढाच होता की चाप दोन टप्प्यांत येतो, पहिला टप्पा संपला की बोटाला एक भिंत लागते, आणि ती भिंत तिला जाणवावयास हवी होती. बाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिले आणि वहीत स्टायर असे लिहिले. सबंध वर्षात त्या मुलीने माझ्यापुढे एवढी वाक्ये एका दमात उच्चारलेली नाहीत.

परतीच्या वाटेवर ट्रेलरांच्या रांगेत आमची गाडी अडकली तेव्हा मी खिशातील कागदावर गणित मांडीत होतो. एक छर्रा मी मागून आणला होता. वजन अर्ध्या ग्रॅमहून किंचित अधिक. सुटतो सेकंदाला दीडशे मीटरांच्या आसपास. म्हणजे त्यातील शक्ती सुमारे सहा ज्यूल. एक किलोचा तांदळाचा पुडा टेबलाएवढ्या उंचीवरून खाली पडला तर जेवढी होईल तेवढीच, किंबहुना किंचित कमी. आपल्या पोलिसांच्या हाती अनेक दशके असलेल्या तीन-शून्य-तीन रायफलीची गोळी तीन हजार ज्यूलांहून जास्त शक्तीने निघते. पाचशेपट. हा आकडा लिहून मी मनाशी म्हटले, हे आबांना सांगावे. आणि लगेच वाटले की नको. ज्याने त्या गोळ्यांचे काम पाहिले आहे त्याला मी गणिताने काय समजावणार? आणि सहा ज्यूल म्हणजे शून्य नव्हे. पुड्याचा भार तळाएवढ्या जागेवर पसरतो. हा सारा भार एका साडेचार मिलिमीटरांच्या टोकावर येतो.

त्या रात्री मी त्यांच्याकडे गेलो. ओसरीवर ते जाळे विणत बसले होते. मी छर्रा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो दोन बोटांत धरून उजेडाकडे नेला. मध्ये कमरेशी बारीक, एका बाजूने सपाट, डमरूसारखा. मी म्हणालो, “आबा, खेळणे आहे असे मी सांगणार नाही. डोळ्यावर लागला तर डोळा जाईल. अगदी जवळून, नाजूक जागी लागला तर त्याहूनही वाईट होऊ शकेल. पण माणसासाठी केलेली वस्तू ती नव्हे. तेथे कोणी कोणाकडे ती रोखीत नाही. चुकून रोखली तर मुलाला घरी पाठवितात.”

ते बराच वेळ छर्रा फिरवीत राहिले. मग विचारले, “आवाज?”

“पुस्तक मिटल्यासारखा.”

त्यांनी मान हलविली. १९८४ विषयी ते काही बोलतील असे मला वाटले होते. मी ती अपेक्षा ठेवूनच गेलो होतो, आपल्याकडे सुशिक्षितांना दुसऱ्याच्या दुःखाची हकीगत ऐकण्याची एक विशेष हौस असते. ते बोलले नाहीत. छर्रा त्यांनी मला परत दिला नाही, सदऱ्याच्या खिशात टाकला. नात दाराच्या आड उभी होती हे आम्हा दोघांनाही माहीत होते. तिच्या दिशेने न पाहता ते म्हणाले, “पैसं देतो. घरान नको.”

तेव्हा पिस्तूल माझ्या घरी राहते. माझ्या खोलीत लोखंडी कपाट आहे. त्यात वरच्या कप्प्यात उत्तरपत्रिका, मधल्यात माझ्या आईचे काही कागद आणि खालच्यात, वेगळ्या कुलपात, ती निळी पेटी. किल्ली मुलीपाशी. आठवड्यातून चार दिवस पहाटे सहाला ती येते, पेटी घेते, गाडी पकडते आणि सायंकाळी परत ठेवून जाते. माझ्या पत्नीने पहिल्या आठवड्यात नापसंती दर्शविली. दुसऱ्या आठवड्यापासून ती तिच्यासाठी पोहे करून ठेवू लागली. सोसायटीच्या एका सभासदाने इमारतीत हत्यार ठेवण्याविषयी लेखी विचारणा केली. मी २०१६ च्या नियमांची प्रत सूचनाफलकावर लावली. ती फारशी कोणी वाचल्याचे दिसत नाही.

मूठ मात्र लहान मापाची मागवूनही तिच्या तळव्यात एका जागी टोचू लागली. ही मूठ अक्रोडाच्या लाकडाची असते आणि एका स्क्रूने पिस्तुलापासून सुटी होते. नेमबाज ती कानशीने घासून, कोठे लाकडाचा भुसा आणि लुकण भरून, आपल्या हाताला बसवून घेतात. पनवेलात हे काम करणारा एक कारागीर आहे, पण त्याच्याकडे महिन्याची रांग. गेल्या रविवारी मुलीने माझ्या गॅलरीत बसून मूठ सोडविली आणि स्वतःच कानस चालवू लागली. तिचे ते खरवडणे खालपर्यंत ऐकू जात असावे. आबा तिला न्यावयास आले होते; ते पायऱ्या चढून वर आले. गॅलरीच्या दारात थांबून त्यांनी आधी कपाटाकडे पाहिले. ते बंद होते, पिस्तूल आत होते. मग त्यांनी मुलीच्या हातातले लाकूड घेतले, उलटेसुलटे करून पाहिले आणि नखाने दाबले.

“सागवान नाय,” ते म्हणाले.

“अक्रोड आहे, आबा.”

“रेघ उलटी चाललीय तुझी. फाटंल.” तिचा उजवा हात त्यांनी ओढून घेतला, तळव्यावर अंगठा फिरवून टोचते ती जागा शोधली आणि माझ्याकडे पेन्सिल मागितली. होडीच्या फळ्या बसविताना खूण करतात तशी एक बारीक खूण त्यांनी मुठीवर केली. मी त्यांच्यासाठी खुर्ची आणली, पण ते खालीच बसले. कानस लहान पडते म्हणून कुरकुरले, पुढच्या वेळी स्वतःची आणतो म्हणाले. काळोख पडेपर्यंत काम चालू होते. दर पाच मिनिटांनी ती मूठ धरून पाही, मान हलवी, आणि ते पुन्हा घासू लागत.